तुम्हाला शहाणी गाडी नको होती

आबा, भेटायला येणारा प्रत्येक माणूस सतरंजीवर टेकला की पहिल्यांदा हेच विचारतो, "शेवटचं काय बोलले?" मी सांगते, "काही नाही. झोपेतच गेले." तुमच्या आक्का, म्हणजे आमच्या आत्या, माझ्याकडं बघतात. त्यांना वाटतं मी काहीतरी लपवतेय. लपवतेच आहे. आदल्या रात्री जेवण झाल्यावर पंच्याला हात पुसत तुम्ही म्हणाला होतात, "मागलं डावं चाक हालतंय. नट आवळून ठिव." मी "हो" म्हणाले आणि ताट उचललं. त्यानंतर आपण एकमेकांशी काही बोललो नाही. आता हे आलेल्या पाहुण्यांना कसं सांगायचं? देवाचं नाव नाही, मुलाची आठवण नाही. चाकाचा नट, आणि तोही खेळण्यातल्या गाडीचा.

मला किती दिवस रडूच आलं नाही. बायका पाठीवरून हात फिरवत होत्या, "रड बाई, मोकळी हो," म्हणत होत्या, आणि मी मनात बघत होते की चहाला दूध पुरेल का. तुम्हाला उचलून नेलं तेव्हाही मी दारातल्या चपलांकडं बघत होते. एवढ्या चपला आपल्या दारात मी कधी बघितल्या नव्हत्या. तेव्हापासून सगळं असंच चाललंय. स्वयंपाक होतो, भांडी होतात, कुणी काही विचारलं की मी नीट उत्तर देते. आत्या कुणाला तरी सांगत होत्या, "लय घट मनाची हाय." घट्ट कसलं, आबा. पाय बधिर झाल्यावर आपण चिमटा काढून बघतो ना, तसं मी दिवसातून चार वेळा तुमचं नाव घेऊन बघते. काही होत नाही.

मी कराडहून लग्न होऊन कडेगावजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. महेश सुट्टी संपल्यावर पलटणीत परत गेला आणि राहिलो आपण दोघं, सासरा आणि सून. स्वयंपाकघरात यायच्या आधी तुम्ही उंबऱ्याबाहेर खाकरायचात. मी पदर सारखा करायची, मग तुम्ही आत यायचात. "वाढू का?" "वाढ." एवढ्यावर दिवस भागायचा. तुम्ही मला कधी वाकडं बोलला नाहीत, पण सरळही बोलला नाहीत. मी स्वतःची समजूत घालायची, की सैन्यात आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, केबिनमध्ये बोलणार कुणाशी. सवयच नसेल.

मग तुमच्या अंगावरून वारं गेलं. कराडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वाचा शाबूत होती, काठी घेऊन चालता येत होतं, पण डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडी चालवायची नाही. तुमची जीप काही दिवस शेडमध्ये उभी राहिली, मग एक पाहुणे घेऊन गेले. ती सुरू झाल्याचा आवाज आला तरी तुम्ही बाजेवरून उठला नाहीत. व्यायामासाठी रबराचा चेंडू दिला होता, डाव्या मुठीत धरून दाबायला. तो तुम्ही उजव्या हातानं उकिरड्यावर भिरकावलात. मी धुऊन आणला. तुम्ही परत भिरकावलात. असा तो चेंडू बरेच दिवस आपल्या दोघांत ये-जा करत होता, आणि खरं सांगायचं तर तेवढंच आपलं बोलणं होतं.

महेशनं तुमच्यासाठी मोठ्या पडद्याचा फोन पाठवला. तुम्ही दिवसभर त्यावर गाड्या बघत पडायचात. घाट, बर्फ, चिखलात रुतलेले ट्रक. एका दुपारी मी भाकरी थापत होते आणि पडवीतून हाक आली, "वैशाली, हिकडं ये." तोपर्यंत तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नव्हती. "आगं" एवढंच म्हणायचात, तेही भिंतीकडं बघून. मी पिठाचे हात घेऊन तशीच धावले, मला वाटलं पुन्हा काही झालं.

तुम्ही फोन पुढं केलात. माणसाच्या छातीला लागतील अशा चाकांचा एक ट्रक मातीच्या ढिगावरून उडत होता, पडत होता, उलटून परत उभा राहत होता.

"ह्येच्यात मानूस दिसंना," तुम्ही म्हणालात.

"आबा, ती खरी गाडी नाही. रिमोटवरची आहे. एवढीच असते." मी हातानं दाखवलं, परातीएवढी. "माणूस लांब उभा असतो, रिमोट घेऊन."

"आत कुनीच न्हाई?"

"कुणी नाही."

तुम्ही पुन्हा फोनकडं बघितलंत. मग म्हणालात, "मंग लायसन लागत न्हाई." मला हसू फुटलं. वर बघितलं तर तुम्ही हसत नव्हतात.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने आठवले की मला वाटतं, एका घरात राहणाऱ्या दोन माणसांची ओळख व्हायला इतकी वर्षं का लागावीत. तुम्ही गाड्या शोधायचात, मी त्याखालचं इंग्रजी वाचून सांगायची. सुरुवातीला तुम्हाला इंजिनावर चालणारी पाहिजे होती, धूर सोडणारी, वास येणारी. मी सांगितलं, तिला दोरी ओढून सुरू करावी लागते, एका हातानं धरायची आणि दुसऱ्यानं ओढायची. तुम्ही तुमच्या डाव्या हाताकडं बघितलंत आणि म्हणालात, "बॅटरीची बग." मग वेग. एकेक गाडी मोटरसायकलच्या वेगानं पळते असं मी मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. तुम्ही हात झटकलात. "बंदुकीच्या गोळीला ड्रायव्हर लागत न्हाई. पुढं."

मी माझ्या परीनं अभ्यास केला होता. एक गाडी मला पसंत पडली होती. रुंद, बुटकी, प्रत्येक चाकाचं वेगळं सस्पेन्शन, पाण्यात गेली तरी बिघडत नाही, सुटे भाग कुठंही मिळतात. सगळे तिचं नाव घेत होते. तुम्ही तिचे व्हिडिओ एकामागून एक बघितलेत आणि फोन उशाला ठेवलात.

"काय वाईट आहे तिच्यात?" मी विचारलं.

"वाईट कायबी न्हाई. शानी हाय. शान्या गाडीसंगं काय बोलायचं?"

तुम्हाला आवडली होती ती जुन्या वळणाची, उंच, मोठ्या चाकांची. पुढची दोन चाकं एका सरळ ॲक्सलच्या दांड्यावर, मागची दोन दुसऱ्यावर, आपल्या खऱ्या ट्रकसारखी. एक चाक दगडावर चढलं की अख्खी गाडी दुसरीकडं कलते. वळणावर डुलते. जरा जास्त जोर दिला की पुढची चाकं उचलते आणि पाठीवर पडते. मी म्हणाले, "आबा, ही सारखी उलटणार." तुम्ही म्हणालात, "उलटू दे की. गाडीला सवभाव पायजे."

आणि मग तुम्ही मला लडाखातल्या तुमच्या ट्रकची गोष्ट सांगितलीत. थंडीत पहिल्यांदा कधी सुरू व्हायचा नाही, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा शिवी दिली की सुरू व्हायचा. चढाला मागचा ट्रक जवळ आला की आपोआप जोर धरायचा. उताराला डावीकडं ओढायचा, आणि डावीकडं दरी. "त्येला म्या रोज सांगायचो, गड्या, आज न्हाई. आज मला घरी पत्र लिवायचंय." केबिनमध्ये तुम्ही गप्प नसायचात तर. तुमचं सगळं बोलणं त्या ट्रकशी व्हायचं. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत काही उरतच नव्हतं.

सांगलीला एक दुकान आहे असं कळलं. मी म्हणाले भाड्यानं गाडी करू. तुम्ही म्हणालात एसटी. खिडकीत न बसता तुम्ही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलात आणि सांगली येईपर्यंत त्याचे गिअर ऐकत होतात. एकदा पुटपुटलात, "उशिरा टाकला." दुकान वरच्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, कठडा डाव्या बाजूला, नेमका तुमच्या निकामी हाताकडं. तुम्ही एकेक पायरी काठी टेकत चढलात. मी मागून चढत होते, दोन्ही हात पुढं धरून, पण तुम्हाला न लावता. सासऱ्याला हात कसा लावायचा? पाया पडताना काय तो लागायचा तेवढाच.

दुकानदार चांगला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग जे सगळे विचारतात ते त्यानं विचारलं. "नातवासाठी का काका?"

मी जमिनीकडं बघितलं. त्या प्रश्नाची मला सवय आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली की ओळखीचे लोक सरळ विचारत नाहीत, पण अनोळखी लोक सहज विचारून जातात. अशा वेळी घरातलं मोठं माणूस बोलतं आणि त्यात हमखास एक शब्द असतो, "अजून". अजून नाही. अजून काही नाही बघा.

"नातू न्हाई," तुम्ही म्हणालात. "गाडी मला पायजे. मला आन हिला."

एवढंच. "अजून" नाही. आवाज खाली गेला नाही, माझ्याकडं बघितलंही नाहीत. दुकानदारानं "बरं बरं" म्हणत दोन खोकी खाली काढली. मला त्या क्षणी काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या दुकानात बसून मला वाटलं, आपल्या पायाखाली जमीन आहे. बस्स. हे काही सांगण्यासारखं वाक्य नाही म्हणून सांगितलं नाही. आज सांगायला हरकत नाही.

इमारतीच्या मागं मोकळी जागा होती, बांधकामाची वाळू पडलेली. दुकानदारानं आधी माझी गाडी चालवून दाखवली. सुईसारखी सरळ गेली, वाळूवरून उडाली, चारही चाकांवर उतरली. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही एखाद्या हुशार पोराचं प्रगतिपुस्तक बघावं तसं बघत होतात. मग त्यानं तुमची सोडली. ती निघाली तीच डुलत. वाळूवर अर्धी चढली, थांबली, एक चाक हवेत, मग इकडं झुकू की तिकडं असं करत पाठीवर पडली आणि चाकं फिरवत राहिली. तुम्ही हसलात. आबा, वारं गेल्यापासून तुमचं तोंड जरा वाकडं झालं होतं, ते हसताना आणखी वाकडं झालं आणि तुम्ही तोंडापुढं हात धरला नाहीत. "हीच," म्हणालात.

दुकानदारानं रिमोट तुमच्या हातात दिला आणि तेव्हा आपल्या तिघांच्याही लक्षात आलं. तो रिमोट पिस्तुलासारखा होता. डाव्या हातानं मूठ धरायची, डाव्याच बोटानं घोडा ओढायचा, म्हणजे गाडी पुढं जाते. उजव्या हातानं बाजूचं छोटं चाक फिरवायचं. दोन हात पाहिजेत. दोन-अडीच महिने आपण ॲक्सल, बॅटरी, सस्पेन्शन सगळ्यावर भांडलो होतो आणि रिमोट कसा धरतात हे कुणी बघितलंच नव्हतं.

तुम्ही उजव्या हातानं तो रिमोट वाळूच्या ढिगावर ठेवलात. अगदी हळू, जणू काही फुटेल. "चल," म्हणालात. "एसटी जाईल."

मी काय विचार केला असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी वाकून रिमोट उचलला, तुमच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिले, डाव्या हातानं मूठ धरली आणि तो तुमच्यापुढं केला. "आबा, चाक तुम्ही फिरवा. गॅस माझ्याकडं."

तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. सून सासऱ्याला इतकी खेटून उभी आहे हे आपल्या वस्तीवर कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं, ते तुम्हालाही कळत होतं. दुकानदार उगाच दुसरं खोकं आवरायला लागला. तुम्ही काठी वाळूत रोवलीत. मग तुमचा उजवा हात वर आला आणि त्या छोट्या चाकावर बसला.

"हळू दे," तुम्ही म्हणालात.

मी घोडा ओढला. गाडी उडी मारून भिंतीवर आदळली.

"हळू म्हंजी काय कळतं का तुला?" तुम्ही ओरडलात. सासऱ्यानं सुनेवर ओरडावं असं नव्हतं ते. ड्रायव्हरनं क्लीनरवर ओरडावं तसं होतं. मला इतकं बरं वाटलं.

पुढं रोज ऊन कलल्यावर आपण विहिरीजवळच्या रिकाम्या रानात जायचो. विहीर खोदल्यावर निघालेल्या मुरमाचा ढीग तिथं पडलेला, तो तुमचा घाट. "दे. दे. सोड. आगं सोड म्हनलं की सोडायचं!" "तुम्ही वळवलं का नाही?" "तू थांबलीस कुटं वळवायला?" येणारे-जाणारे बांधावर थांबून बघायचे. एक-दोघांनी चालवून बघितली, दोन्ही हातांनी, आणि आपल्यापेक्षा चांगली चालवली. ते तुम्हाला आवडायचं नाही. "गाडी बिगडवतील," म्हणायचात.

आत्या आल्या होत्या तेव्हाचं आठवतं? गाडी पडवीत, चाकांना चिखल. आत्यांनी चहा बशीत ओतता ओतता माझ्या देखत म्हटलं, "घरात पोर न्हाई, आन खेळनी आनल्यात." मी चुलीपाशीच थांबले. तुम्ही चाकातला चिखल काडीनं काढत होतात. मान वर न करता म्हणालात, "आक्का, तुज्या घरात चार नातवंडं हाईत. एक तरी तुज्यासंगं खेळतं व्हय?" आत्यांनी बशी तोंडाला लावली. चहा सगळा प्यायल्या. तुम्ही असं काही करायचात, आणि नंतर माझ्याकडं बघायचा नाहीत, म्हणजे मला आभार मानायची सोय नाही.

आता भांडणाचं बोलते, आबा. ते अर्धंच राहिलंय.

मला वाटायचं, घोडा ओढायला असा काय जोर लागतो. एका बोटाचं काम. चेंडू फेकलात, पण गाडीसाठी तरी बोट हलवाल. एके दिवशी रानात मी रिमोट तुमच्या डाव्या हातात ठेवला, वरून माझी बोटं धरली आणि म्हणाले, "आज गॅसपण तुम्हीच द्या. मी नुसती धरते." तुम्ही हात काढून घेतलात. काढून म्हणजे, उजव्या हातानं डावा हात ओढून घेतलात.

"मला बरं करायला आनलीस व्हय ही गाडी?"

"तसं नाही आबा. पण हात सुधारला तर काय वाईट आहे?"

"बरा झालो म्हंजी तुला महेशकडं जायला मोकळीक, आसंच ना?"

 दोघंही उभेच. गाडी ढिगावर कललेली, तिची मोटर बारीक कुंईकुंई करत होती. हो म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं. नाही म्हणाले असते तर तेही. महेश वर्षातून एकदा-दोनदा येतो, पाहुण्यासारखा राहतो, जातो. त्याच्याकडं जावं असं मला रोज वाटायचं. आणि रोज ऊन कलायची वाटही बघायची. ही दोन्ही वाटणं एका माणसाच्या पोटात कशी राहतात हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. तुम्ही काठी टेकत एकटेच घरी निघालात. मी गाडी काखेत मारून मागून आले.

बरेच दिवस गाडी पडवीत पडून होती. पुन्हा "वाढू का", "वाढ". मग एका संध्याकाळी तुम्ही खाकरलात आणि म्हणालात, "बॅटरी भरलीय का?" मी म्हणाले, "भरलीय." आपण रानात गेलो. चाक तुमच्याकडं, गॅस माझ्याकडं. तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत, मीही नाही. मला वाटलं होतं, सावकाश बोलू. घाई कसली.

त्या सकाळी चहा घेऊन आले, हाक मारली, तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपला होतात. हात लावला. त्या वेळी मात्र हात लावताना मला काही वाटलं नाही. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून कराडला नेलं. डॉक्टरांनी गाडीतच बघितलं, आत घेतलंच नाही. येताना मी मागं बसले होते, तुमचं डोकं मांडीवर. ड्रायव्हर रडत होता आणि खड्डे चुकवत होता. मला आठवतं, मी त्याला सांगत होते, "हळू द्या. हळू."

महेश दुसऱ्या दिवशी पोचला. तुमच्यासारखाच चालतो तो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्यालाही रडू आलं नाही. रात्री आम्ही दोघं एका खोलीत भिंतीला टेकून बसायचो, जुनी ओळख असलेले दोन प्रवासी बसावेत तसे. दहावा झाला, तेरावा झाला, मांडव निघाला. मग एका दुपारी तो पडवीतली गाडी उचलून म्हणाला, "चालवू म्हणतेस?" आम्ही रानात गेलो. त्यानं रिमोट दोन्ही हातांत धरला, एकदा घोडा ओढून बघितला, आणि सोडली. छान चालवली त्यानं, आबा. ढिगावर नीट चढवली, उतरवली, एकदाही उलटली नाही. मी शेजारी उभी होते. माझ्या हातांचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी पाठीमागं बांधले.

परत येताना तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. क्वार्टर मंजूर झालंय. फॅमिली क्वार्टर."

"कधी?"

"झाले काही दिवस. आबा असतानाच."

मी थांबले.

"आबांनीच मागं लागून मागायला लावलं. दर फोनला तेच. नाव घातलंस का, साहेबाला भेटलास का. मी म्हटलं, तुमच्याजवळ कोण राहणार? तर म्हणाले, आक्काला बोलावतो. मंजूर झालं तसं मी तुला सांगणार होतो, तर म्हणाले, तू नगं सांगूस. तिला म्याच सांगनार हाय."

"मग सांगितलं का नाही?"

महेशनं गाडी या हातातून त्या हातात घेतली. "मी विचारलं होतं, ते जायच्या आदल्या आठवड्यात. म्हणाले, सांगतो की. आजून दोन दिस खेळू दे."

कुणाला खेळू दे, आबा? मला की तुम्हाला? महेशला विचारलं. तो म्हणाला, "तेवढंच बोलले."

मी घरी आले, चूल पेटवली, भात टाकला. मग भाताला उकळी यायच्या आत मला रडू आलं. फार मोठं नाही. आत्या धावत आल्या तोवर थांबलंसुद्धा. नंतर परत तसंच, चिमटा काढला तरी कळत नाही असं. पण आलं होतं एवढं तुम्हाला सांगते.

तुम्ही मला पाठवायचं ठरवलं होतं आणि मला पाठवायचं नव्हतं तुम्हाला. मला जायचं होतं आणि नव्हतंही. मग त्या दिवशी रानात आपण भांडलो कशावरून? दोघंही एकाच बाजूला होतो की. तुम्ही असतात तर हे तुम्हाला सुनावलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, "आता वळीव गाडी, बास झालं बोलनं."

एक गोष्ट कुणीच तोंडानं बोलत नाही, म्हणून मी लिहिते. तुम्ही गेलात म्हणून मला नवऱ्याच्या घरी जाताना मागं बघावं लागत नाही. सगळ्यांना हे दिसतं. आत्यांना दिसतं, महेशला दिसतं. सगळे म्हणतात, "बरं झालं, आता दोघं एकत्र ऱ्हाशीला." बरं झालं या शब्दांशी मी फार वेळ थांबत नाही.

उसाचं आणि घराचं आत्या बघणार आहेत. त्यांनी स्वतःहून सांगितलं. गाडीचं काय करायचं यावर महेश म्हणाला ठेवून जाऊ, तिकडं पंजाबात कुठं चालवणार. मी ती उचलली. काळ्या ट्रंकेत तळाला घातली आणि वर साड्या रचल्या. साड्या कमी बसल्या. 

उद्या कराडहून रेल्वे आहे. सकाळी वस्तीवरून निघायचं. सामान आवरून झालं, देवापुढं दिवा लावून झाला, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन झाला. आत्यांच्या पाया पडले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, घरभर फिरून बघितलं. मग कळलं. कराडला माहेरी जाताना, दवाखान्यात जाताना, अगदी दळण घेऊन निघाले तरी मी तुमच्या बाजेपाशी थांबून सांगून जायची. तुम्ही मान हलवायचात. आता बाज उभी करून ठेवलीय, तिथं सांगून उपयोग नाही. म्हणून हे लिहायला बसले.

येते मी, आबा.